‘इन्स्टिगेट’ पुन्हा चुकीच्या जागी: हे क्रियापद कुठे बिघडते आणि कसे दुरुस्त करावे

अडचण अशी आहे. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतून, मंडळांतून आणि सोसायट्यांतून इंग्रजीत जे अर्ज, अहवाल, इतिवृत्ते आणि मानपत्रे लिहिली जातात, त्यांत एखादे काम सुरू केले किंवा कोणाला चांगल्या कामाकडे वळवले असे सांगण्याच्या जागी ‘इन्स्टिगेट’ हे क्रियापद येऊन बसते, आणि वाक्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातल्या अर्थाच्या नेमका उलट होतो. ‘अवर प्रेसिडेंट इन्स्टिगेटेड द मेंबर्स टू डोनेट ब्लड’ हे वाक्य, शब्दांच्या थोड्याफार फरकाने, माझ्याकडे तीन वेगवेगळ्या संस्थांच्या अहवालांत तपासायला आले आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की अध्यक्षांनी सभासदांना रक्तदानाला प्रवृत्त केले. इंग्रजी वाचणाऱ्याला कळते की अध्यक्षांनी सभासदांना फूस लावली. एकदा दुरुस्त करून दिले तरी पुढच्या वर्षीच्या अहवालात तेच क्रियापद परत येते, म्हणून ही चूक वरवर न पुसता ती कोठून येते ते पाहणे मला आवश्यक वाटले.

ही निव्वळ भाषेच्या शोभेची बाब नाही. एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषय सचिवांनी प्रथम मांडला, त्यावर बराच वाद झाला, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या सभासदाने ‘विषय उपस्थित केला’ आणि ‘वाद उपस्थित झाला’ ही दोन मराठी वाक्ये मनातल्या मनात एक करून इंग्रजीत लिहिले, ‘द सेक्रेटरी इन्स्टिगेटेड द डिस्प्यूट रिगार्डिंग द टँक’. तो मसुदा माझ्याकडे आला होता. मी आकडे, तारखा आणि नावांची स्पेलिंगे काळजीपूर्वक तपासली, आणि क्रियापद माझ्या नजरेतून सुटले. पुढे त्या टाकीच्या खर्चावरून सभासदांत खरोखरच तंटा झाला, प्रकरण सुनावणीपर्यंत गेले, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांनी तेच वाक्य वाचून दाखवले: भांडण सचिवांनी लावले असे सोसायटीचे स्वतःचे इतिवृत्तच सांगत आहे. त्या सज्जन गृहस्थांना एका क्रियापदापायी दोन तारखांना खुलासा करावा लागला. मला त्याचे आजही वाईट वाटते, आणि हा मजकूर लिहिण्यास बसण्याचे खरे कारण तेच आहे.

चूक कोठून येते

पहिले कारण आपल्या कोश वाचण्याच्या पद्धतीत आहे. इंग्रजी-मराठी कोशात या क्रियापदापुढे चिथावणे, फूस देणे, उठवणे, प्रवृत्त करणे असे शब्द सामान्यतः ओळीने दिलेले असतात. मराठीत ‘प्रवृत्त करणे’ हा शब्द निर्मळ आहे. गुरू शिष्याला अभ्यासाला प्रवृत्त करतात आणि वाईट संगत मुलाला जुगाराला प्रवृत्त करते, दोन्ही वाक्ये आपल्याला खटकत नाहीत. घाईत असलेला माणूस त्या ओळीतला हा शेवटचा सभ्य शब्द उचलतो. वास्तविक कोशाच्या ओळीतले शब्द एकमेकांना आवर घालत असतात, आणि त्यांतला एकच बाजूला काढला की तो आवर सुटतो. ‘इन्स्टिगेट’च्या लॅटिन मुळात टोचण्याची कल्पना आहे. बैल चालावा म्हणून पराणीची आर टोचतात, तीच ही टोचणी. जिथे पुढच्याला कोणीतरी अशी आर टोचली आहे असे आपल्याला म्हणायचे नसेल, तिथे माणसाच्या आधी हे क्रियापद घालू नये, इतके लक्षात राहिले तरी निम्म्या चुका थांबतील.

दुसरे कारण चेहऱ्याचे आहे. इन्स्टिगेट, इनिशिएट, इन्स्टिट्यूट आणि इन्व्हेस्टिगेट ही चार क्रियापदे लिहिताना आणि ऐकताना जवळजवळची वाटतात. ‘चौकशी केली’ असे लिहायचे असताना ‘इन्व्हेस्टिगेट’मधला मधला भाग गळाला की उरते ते ‘इन्स्टिगेट’, आणि मग ‘पोलिसांनी प्रकरणाची चौकशी केली’ या वाक्याचे ‘पोलिसांनी प्रकरण घडवून आणले’ असे होते. संगणकाची स्पेलिंग तपासणारी सोय इथे मुळीच उपयोगी पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने शब्द अगदी शुद्ध असतो.

तिसरे कारण मात्र खरोखर अवघड आहे, आणि त्यामुळेच ही चूक हुशार माणसांच्याही हातून होते. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘इन्स्टिगेट’चा एक चांगला वापरही आहे. सरकारने सुधारणा इन्स्टिगेट केल्या, विद्यापीठाने चौकशी इन्स्टिगेट केली, अशी वाक्ये चांगल्या वर्तमानपत्रांत सापडतात, आणि तिथे कोणावर आरोप नसतो. आपला माणूस असे एखादे वाक्य वाचतो, ते मनात ठेवतो, आणि ‘सुधारणा’च्या जागी ‘सभासद’ घालतो. तेवढ्याने सगळे बिघडते. म्हणून ‘हा शब्द वाईट आहे, तो टाळा’ हा सोपा उपाय मी सांगत नाही. त्या उपायाने माणूस आज वाचेल, पण पुढच्या क्रियापदाशी पुन्हा अडेल.

उपाय: क्रियापदाचे कर्म पाहावे, आणि तेही मराठीत

इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी आपले मराठी वाक्य मनात पूर्ण करावे आणि त्यातल्या कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ हा प्रत्यय लागतो का, ते पाहावे. ‘सभासदांना प्रवृत्त केले’ यात प्रत्यय आहे, म्हणजे क्रियेचा रोख माणसावर आहे. ‘चौकशी सुरू केली’, ‘योजना हाती घेतली’, ‘मोहीम आरंभली’ यांत प्रत्यय नाही, म्हणजे रोख वस्तूवर, कामावर आहे. इंग्रजीत असा प्रत्यय दिसत नाही, त्यामुळे माणूस आणि काम एकाच जागी, एकाच वेशात उभे राहतात, आणि क्रियापदाचा अर्थ त्या जागी कोण उभे आहे यावरून आतल्या आत बदलतो. आपल्या भाषेने दिलेली ही खूण आपण इंग्रजीत शिरताना दाराबाहेर ठेवून देतो, हे माझ्या मते या अडचणीचे मूळ आहे.

हे काही इंग्रजीचेच वेगळेपण नाही. आपले ‘छेडणे’ पाहावे. कामगार आंदोलन छेडतात, वादक सतारीची तार छेडतो, व्याख्याता एखादा विषय छेडतो, आणि रस्त्यावरचा टवाळ मुलीला छेडतो. क्रियापद एक, पण कर्म बदलताच आदर, सौंदर्य आणि गुन्हा इतके अंतर पडते, आणि कोणाही मराठी माणसाला ते कधी समजावून सांगावे लागत नाही. ‘लावणे’चेही तसेच: दिवा लावतात, झाड लावतात, नाद लावतात, भांडण लावतात. ज्याला स्वतःच्या भाषेत हे कर्मानुसार बदलणारे अर्थ इतके सहज कळतात, त्याला इंग्रजीतही ते कळतील. फक्त त्याने सुटे क्रियापद पाठ न करता कर्मासकट पाठ केले पाहिजे.

आता ‘इन्स्टिगेट’. कर्म जर काम, सुधारणा किंवा चौकशी असेल तर अर्थ ‘घडवून आणणे, सुरू करवणे’, आणि त्यातही ते काम थोडे औपचारिक, अधिकाराने होणारे असावे लागते. कर्म दंगल, संप, भांडण असेल तर अर्थ ‘पेटवणे, लावणे’. कर्म माणूस असेल आणि पुढे तो काय करतो ते येत असेल, तर अर्थ ‘चिथावणे’, मग पुढचे काम रक्तदानाचे असो की वृक्षारोपणाचे. बडोद्याच्या वाचकाला यासाठी एक जास्तीची कसोटी हाताशी आहे. तेच वाक्य गुजरातीत म्हणून पाहावे आणि तिथे ‘उश्केर्या’, म्हणजे ‘चिथावले’, हा शब्द चालेल का ते स्वतःला विचारावे. ‘प्रमुखे सभ्योने रक्तदान माटे उश्केर्या’ असे या शहरातले कोणीही लिहिणार नाही. जिथे ‘उश्केरवुं’ बसत नाही तिथे माणसापुढे ‘इन्स्टिगेट’ही बसत नाही. दोन भाषांत वाढल्याचा हा फायदा आपण घ्यायला हवा. रक्तदानाच्या त्या वाक्यात ‘एन्करेज्ड’ किंवा ‘पर्सुएडेड’ लिहिले की काम होते. पहिल्याने उत्तेजन दिले असे कळते, दुसऱ्याने समजूत घालून वळवले असे कळते.

‘इनिशिएट’ हा या चुकीवरचा सर्वांत प्रचलित उतारा आहे, पण त्याचीही एक बाजू सांभाळावी लागते. कर्म काम असेल तर ‘आरंभ करणे’, तेवढे सर्वांना ठाऊक असते. कर्म माणूस असेल तर मात्र अर्थ होतो ‘दीक्षा देणे’. ‘द टीचर इनिशिएटेड द स्टुडंट्स’ याचा अर्थ शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून काही सुरू करवले असा होत नाही; शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या पंथात किंवा विद्येत प्रवेश दिला असा होतो. हा अर्थ सुंदर आहे आणि तो योग्य ठिकाणी वापरावा. १८८६ साली बडोद्यात सुरू झालेल्या गायनशाळेचे प्रमुख मौलाबक्ष यांच्याविषयी लिहिताना त्यांनी अनेकांना संगीताची दीक्षा दिली असे म्हणायचे असेल, तर ‘इनिशिएटेड मेनी पीपल इन्टू म्युझिक’ हे अगदी बरोबर आहे. ‘इन्टू’ हे अव्यय विसरू नये, कारण दीक्षेचा अर्थ त्याच्यावरच टेकलेला आहे. शब्दाच्या लॅटिन मुळात ‘आत जाणे’ आहे, त्यामुळे आरंभ आणि दीक्षा हे दोन अर्थ एकाच दारातून आले आहेत.

याच ठिकाणी आपल्या शहराच्या इतिहासावर इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सयाजीराव महाराजांवरचे निबंध माझ्याकडे येतात आणि त्यांत महाराजांनी सगळेच ‘इन्स्टिगेट’ किंवा ‘इनिशिएट’ केलेले असते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, बँक, ग्रंथालये, कलाभवन, सर्वांना एकच क्रियापद. इंग्रजीत या प्रत्येक कामाला त्याचे स्वतःचे क्रियापद आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण आणले गेले. नवी पद्धत किंवा नवा कायदा आणला जातो तेव्हा क्रियापद ‘इंट्रोड्यूस’. बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये आणि कलाभवन १८९० मध्ये स्थापन झाले. संस्थेला ‘फाउंड’ किंवा ‘एस्टॅब्लिश’. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे उभारले गेले, त्याला ‘ऑर्गनाइझ’ किंवा ‘सेट अप’. एकाच निबंधात ही तीन-चार क्रियापदे आपापल्या जागी बसली की महाराजांच्या कामातला फरकही वाचकाला दिसू लागतो: कुठे कायदा केला, कुठे संस्था उभारली, कुठे माणसे जमवून व्यवस्था लावली. एकच क्रियापद सर्वत्र वापरल्याने हा फरक पुसला जातो, आणि माझी खरी तक्रार ही आहे.

हेतू होता की नव्हता

कर्म पाहून झाल्यावरही काही वाक्ये अडतात, आणि ती बहुधा ‘प्रोव्होक’ची असतात. इथे दुसरा प्रश्न विचारावा: करणाऱ्याचा तसा हेतू होता का? इन्स्टिगेट, इन्साइट (चिथावणे) आणि फोमेंट (असंतोष पेटवणे) या क्रियापदांत हेतू गृहीत असतो. प्रोव्होक, ट्रिगर आणि स्पार्क यांत तो असेलच असे नाही; परिणाम झाला एवढेच ती सांगतात.

याचे उदाहरण शोधायला बडोद्याबाहेर जावे लागत नाही. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी सम्राट पंचम जॉर्ज यांना केलेला मुजरा अपुरा होता आणि परत फिरताना त्यांनी पाठ दाखवली, असा गवगवा इंग्रजी वर्तमानपत्रांनी केला. अनादराचा हेतू नव्हता असे महाराजांनी पुढे व्हाइसरॉयना लिहून कळवले. या प्रसंगाविषयी ‘हिज कंडक्ट प्रोव्होक्ड अ कॉन्ट्रोव्हर्सी’ असे लिहिले तर ते प्रत्येक बाजूच्या वाचकाला मान्य होईल, कारण वाद झाला हे निर्विवाद आहे. त्याऐवजी ‘ही इन्स्टिगेटेड अ कॉन्ट्रोव्हर्सी’ असे लिहिले की लिहिणाऱ्याने निवाडाच दिला: महाराजांनी तो वाद मुद्दाम घडवून आणला. इतिहासकाराला पुरावा देऊन तसे म्हणायचे असेल तर त्याने अवश्य म्हणावे. शब्द सुचला नाही म्हणून तसे लिहिले जाऊ नये.

‘प्रोव्होक’चेही कर्म पाहायचेच आहे. माणसाला प्रोव्होक करणे म्हणजे डिवचणे, खिजवणे, कुरापत काढणे. हसू, चर्चा किंवा विचार यांना प्रोव्होक करणे म्हणजे ते उत्पन्न करणे, आणि त्यात दोष नाही. ‘थॉट-प्रोव्होकिंग’ ही तर व्याख्यानाला दिलेली शाबासकी आहे. पण तेच व्याख्यान ‘प्रोव्होकेटिव्ह’ म्हटले की त्यात टोचणी येते, आणि व्यक्तीच्या पेहरावाविषयी किंवा वागण्याविषयी तो शब्द वापरला तर अर्थ फारच वेगळीकडे जातो. वक्त्यांच्या आभाराच्या पत्रात हे विशेषण मी एकदा पाहिले आहे आणि पत्र टपालात पडण्यापूर्वी ते काढता आले याचे समाधान आहे.

या शब्दाच्या पोटात लॅटिनमधले ‘बोलावणे’ आहे: पुढे बोलावणे, म्हणजे ललकारणे. त्याच कुळातला ‘इव्होक’ म्हणजे आतून बाहेर बोलावणे, आठवण किंवा भावना जागी करणे. ही जोडी गोंधळाची वाटत असेल तर आपली स्वतःची जोडी आठवावी. ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ यांची अदलाबदल मराठी फलकांवर रोज होते. ‘रक्तदान करण्याचे आव्हान करण्यात येत आहे’ असा फलक वाचून ज्याला खटकते, त्याला रक्तदानाला ‘इन्स्टिगेट’ करणेही खटकले पाहिजे. दोन्ही ठिकाणी विनंतीच्या जागी झुंजीचा शब्द येऊन बसला आहे.

कायद्याच्या भाषेतून येणारा भाग

पूर्वी न्यायमंदिराच्या इमारतीत न्यायालय भरत असे, तेव्हापासून बडोद्याच्या अनेक मराठी कुटुंबांची इंग्रजी अर्ज टंकून देणाऱ्यांशी गाठ पडत आली आहे, आणि ‘इन्स्टिगेट’ आपल्या वापरात शिरण्याचा एक मोठा मार्ग हा आहे. म्हणून कायद्यातले अर्थ नीट माहीत असणे बरे.

दिवाणी दावा ‘इन्स्टिट्यूट’ केला जातो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा हाच शब्द आहे. कार्यवाही ‘इनिशिएट’ होते. आणि ‘इन्स्टिगेट’ हा शब्द भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये अपप्रेरणेच्या, म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्यास उद्युक्त किंवा साहाय्य करण्याच्या, व्याख्येत पहिल्याच क्रमांकावर येत असे; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती व्याख्या कलम ४५ मध्ये आहे. म्हणजे ‘आमच्या सोसायटीने बिल्डरविरुद्ध दावा इन्स्टिगेट केला’ असे अर्जात लिहिणारा माणूस ‘दाखल केला’च्या जागी गुन्ह्याच्या व्याख्येतला शब्द वापरत असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालच्या एका निकालात असेही स्पष्ट केले आहे की रागाच्या भरात, परिणामाचा हेतू न धरता तोंडातून गेलेला शब्द हे इन्स्टिगेशन होत नाही. शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारीत हे क्रियापद घालणाऱ्याने हेतूचा आरोप आपण खरोखर करत आहोत का, आणि तो दाखवून देता येईल का, याचा आधी विचार करावा.

‘प्रोव्होकेशन’कडे कायदा उलट्या बाजूने पाहतो. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ झाला होता का, हा प्रश्न येतो तेव्हा न्यायालय डिवचणाऱ्याच्या मनापेक्षा डिवचल्या गेलेल्याचे मन तपासते: त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला होता का, राग शांत व्हायला वेळ मिळाला होता का. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेळ मिळाला होता असे म्हणून हा बचाव नाकारला. एक क्रियापद देणाऱ्याचे मन पाहते आणि दुसरे घेणाऱ्याचे. हा भेद एकदा समजला की दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी लिहिणे हाताला नको वाटू लागते.

‘एक्साइट’चे उदाहरण तर मराठी माणसाला विसरता येणार नाही असे आहे. आज मुले ‘मी फार एक्साइटेड आहे’ असे सहलीच्या आदल्या दिवशी म्हणतात. लोकमान्य टिळकांवर दंड संहितेतल्या राजद्रोहाच्या ज्या कलम १२४-अ खाली १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये खटले चालले, त्या कलमाचे क्रियापद हेच होते: सरकारविषयी अप्रीती ‘एक्साइट’ करणे. पहिल्या खटल्यात अठरा महिन्यांची आणि दुसऱ्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. नव्या न्याय संहितेच्या कलम १५२ मध्येही हे क्रियापद आहे. इथेही नियम तोच आहे. कर्म माणूस असेल तर सुखद उत्सुकता. कर्म अप्रीती किंवा बंड असेल तर चेतवणे.

‘इन्साइट’विषयी थोडक्यात. देवनागरीत लिहिले की हा शब्द दोन वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांचे एकच रूप होतो: एकाचा अर्थ चिथावणे, दुसऱ्याचा मर्मदृष्टी. बोलताना चिथावण्याच्या शब्दात जोर दुसऱ्या अवयवावर पडतो, मर्मदृष्टीच्या शब्दात पहिल्यावर. व्याख्यानाच्या वृत्तांतात ‘वक्त्यांनी मोलाची इन्साइट दिली’ असे कोणी ऐकून लिहून घेत असेल तर त्याने स्पेलिंग कोशात पाहूनच पुढे जावे. हिंसेला चिथावणी देणारा शब्द त्या जागी छापला गेला तर वक्त्यांची माफी मागण्याची वेळ येईल.

एवढे करूनही वाक्य अडले तर

क्रियापद योग्य निवडूनही वाक्य बेंगरूळ वाटत असेल तर पुढचे अव्यय पाहावे. इन्स्टिगेट, इन्साइट आणि प्रॉम्प्ट यांच्यापुढे माणूस आणि मग ‘टू’ लावून क्रिया येते. प्रोव्होकनंतर माणूस आला तर बहुधा ‘इन्टू’ आणि ‘-इंग’चे रूप येते: ‘प्रोव्होक्ड हिम इन्टू शाउटिंग’. ‘इन्स्टिगेटेड हिम फॉर क्वॉरल’ ही रचना मी फार पाहते. ‘भांडणासाठी’मधल्या ‘साठी’चे ते थेट ‘फॉर’ आहे आणि ते काढून टाकावे.

‘ट्रिगर’ हे क्रियापद अलीकडे सर्वत्र शिरले आहे. डच भाषेतल्या ‘ओढणे’ या अर्थाच्या शब्दावरून बंदुकीच्या चापाला हे नाव पडले, आणि क्रियापदातही तोच भाव राहिला आहे: सगळे आधीच भरलेले होते, एका लहानशा कारणाने बार उडाला. पावसाने दरड कोसळते, धुराने गजर वाजतो, उग्र वासाने अर्धशिशी उठते, तिथे ते चपखल बसते. संस्थेच्या कार्यकारिणीने वाचनालय ‘ट्रिगर’ केले असे लिहू नये. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे काम चाप ओढल्यासारखे झाले असे त्यातून दिसते, आणि ते त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

सर्वांत चिवट मराठी शब्द आहे ‘चालना देणे’. भाषांतर करणाऱ्या यंत्राला किंवा समानार्थी शब्दांच्या यादीला हा शब्द दिला की पुढे काय येईल याचा भरवसा नसतो, आणि त्या यादीतून भारदस्त वाटणारा शब्द उचलण्याचा मोह तर फारच वाईट, कारण या कुळात जो शब्द जितका भारदस्त, तितका तो आरोपाच्या जवळ जातो. इथेही कर्मच विचारावे. उद्योगाला, शिक्षणाला चालना दिली तर ‘प्रमोट’ किंवा ‘एन्करेज’. रखडलेल्या कामाला चालना दिली तर ‘गॉट द वर्क मूव्हिंग अगेन’. तपासाला चालना मिळाली तर नवा पुरावा कोणता मिळाला तेच सरळ लिहावे. आणि काहीच नेमके सुचत नसेल तर ‘बिगॅन’ किंवा ‘स्टार्टेड’ लिहावे. साधा शब्द लिहिल्याने अर्ज फेटाळला गेल्याचे मी कधी पाहिलेले नाही.

अहवाल तयार करणाऱ्या मंडळींना एक व्यवहाराची सूचना. मसुदा पूर्ण झाला की संगणकावर ‘इन्स्टिग’ एवढीच अक्षरे शोधावीत, म्हणजे क्रियापद आणि नाम दोन्ही सापडतात, आणि प्रत्येक जागी थांबून पुढे माणूस आहे की काम ते पाहावे. मी आता आकडे आणि तारखा तपासण्याच्या आधी हे करते. पाच मिनिटे पुरतात.

सोसायटीच्या त्या इतिवृत्तात दुरुस्ती सुचवण्यासाठी सचिव माझ्याकडे आले, तेव्हा आम्ही प्रथम मराठीत वाक्य जुळवले: ‘सचिवांनी टाकीच्या दुरुस्तीचा प्रश्न उपस्थित केला आणि त्यावर सभासदांत मतभेद झाले.’ प्रश्नाला ‘ला’ नाही, आणि मतभेद सचिवांनी केलेले नाहीत, ते झालेले आहेत. मग इंग्रजी आपोआप आली: ‘द सेक्रेटरी रेझ्ड द क्वेश्चन ऑफ रिपेअरिंग द टँक, अँड द मेंबर्स डिफर्ड.’ पुढच्या सभेत ती दुरुस्ती वाचून दाखवण्यात आली, सभेने ती मंजूर केली, आणि जुन्या वाक्याशेजारी तिची नोंद लाल शाईने करण्यात आली.